रुग्णांच्या बाजूचा पैसा

१९८९ च्या सप्टेंबरमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एकाच विषयावरचे तीन शोधनिबंध एकत्र छापून आले. टोरांटोचे लॅप-ची त्सुई आणि जॅक रिओर्डन, मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचं जनुक शोधून काढलं होतं. या आजारानं मुलं गमावलेल्या आणि गमावण्याच्या वाटेवर असलेल्या आईवडिलांनी त्या दिवसांत मोठी आशा धरली. चूक सापडली, आता दुरुस्ती कितीशी दूर असणार, असं त्यांना वाटलं. पण पुढची दहा वर्षं गेली तरी त्या चुकीवर थेट काम करणारं एकही औषध बाजारात नव्हतं. चांगलं जनुक फुप्फुसात पोहोचवण्याचे प्रयोग झाले, त्यात पैसा गेला, हाती फारसं काही लागलं नाही.

औषध कंपन्या या वाटेला येत नव्हत्या, यात त्यांच्या दृष्टीनं वावगं काही नव्हतं. अमेरिकेत या आजाराचे रुग्ण तेव्हा ३० हजारांच्या घरात होते. नवं औषध रेणूपासून रुग्णापर्यंत आणायला दहा-बारा वर्षं लागतात आणि सुरू केलेल्या बहुतेक प्रकल्पांचा शेवट अपयशात होतो. एवढा खर्च करून ग्राहक ३० हजार, तेही जेमतेम तिशी गाठणारे. त्याच पैशात रक्तदाबाची आणखी एक गोळी काढली तर कोट्यवधी लोक ती आयुष्यभर घेणार. गुंतवणूकदारानं कुठे जावं, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

तरीही एका गुंतवणूकदारानं नेमका हाच आजार निवडला, एका छोट्या कंपनीवर पैसे लावले, बारा वर्षं वाट पाहिली, आणि वैद्यकाच्या इतिहासातल्या मोठ्या परताव्यांपैकी एक मिळवला. हा गुंतवणूकदार म्हणजे रुग्णांच्या आईवडिलांनी १९५५ मध्ये उभी केलेली सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन ही संस्था. रुग्णाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या नवउद्योगांत पैसा का घालावा, याची चर्चा आज जगभर होते. तिच्यात दयाबुद्धी, सामाजिक भान असे शब्द फार येतात. मला हे प्रकरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. या संस्थेनं पैसे लावले ते दयेपोटी नव्हेत. तिला या आजाराबद्दल इतर कुठल्याही गुंतवणूकदारापेक्षा जास्त माहिती होती. बाहेरच्याला जो जुगार वाटत होता, तो आतल्याला तितका जुगार नव्हता.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या पेशींच्या पातळ आवरणात क्लोराइडची, म्हणजे मिठातल्या एका घटकाची, ये-जा होऊ देणारी दारं असतात. ती नीट चालली की फुप्फुसातला, स्वादुपिंडातला स्राव पातळ राहतो. या आजारात ती दारं बिघडलेली असतात. फुप्फुसात डिंकासारखा चिकट कफ साचतो, त्यात जंतू घर करतात, वारंवार संसर्ग होऊन फुप्फुस हळूहळू निकामी होतं. पाचक रस आतड्यात पोहोचत नाहीत, म्हणून मूल भरपूर खाऊनही वाळत जातं. घाम मात्र नेहमीपेक्षा खारट असतो. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उन्हानं कोसळून रुग्णालयात आणलेल्या मुलांमध्ये या आजाराची मुलं इतकी का, असा प्रश्न पॉल दी सांत आग्नेसे या डॉक्टरांना पडला आणि त्यातून घामातलं मीठ मोजण्याची चाचणी जन्माला आली. निदानासाठी आजही तीच चाचणी वापरतात.

घामग्रंथीतून क्लोराइड आत शिरतच नाही, हे १९८३ मध्ये दाखवून दिलं पॉल क्विंटन यांनी. ते स्वतः या आजाराचे रुग्ण होते आणि प्रयोगांसाठी त्यांनी स्वतःच्याही घामग्रंथी वापरल्या. रुग्ण इथे नुसता उपचार घेणारा नव्हता, ज्ञान तयार करणाराही होता. पुढच्या सगळ्या हकिगतीत हे पुन्हा पुन्हा दिसतं.

फाउंडेशनचं खरं भांडवल बँकेत नव्हतं, नोंदवहीत होतं. साठच्या दशकात क्लीव्हलंडचे लेरॉय मॅथ्यूज सांगू लागले की आपल्या केंद्रात दरवर्षी शंभरातली दोनहून कमी मुलं दगावतात. इतरत्र हे प्रमाण वीसच्या वर होतं. कुणाचा विश्वास बसेना. फाउंडेशननं मिनेसोटाचे वॉरन वॉरविक यांना १० हजार डॉलर दिले आणि देशातल्या ३१ केंद्रांमधल्या प्रत्येक रुग्णाची माहिती गोळा करायला सांगितली. मॅथ्यूज खरं बोलत होते. मग त्यांची पद्धत सगळीकडे नेण्यात आली आणि माहिती गोळा करण्याचं काम कायमचं सुरू झालं. कोणत्या रुग्णाच्या जनुकात नेमकी कुठली चूक आहे, त्याचं फुप्फुस किती हवा ओढतं, वजन किती, कितीदा दाखल व्हावं लागलं, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवलं गेलं. असा तपशील कुठल्याही औषध कंपनीच्या किंवा भांडवल पुरवठादाराच्या हाती नव्हता.

नव्वदच्या दशकात संस्थेची धुरा रॉबर्ट बील यांच्याकडे आली. ते जीवरसायनशास्त्रज्ञ होते. विद्यापीठांना अनुदानं देऊन शोधनिबंध मिळतात, औषध मिळत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. औषध बनवतात कंपन्या, आणि कंपन्या येत नव्हत्या, कारण सुरुवातीचा धोका त्यांना परवडत नव्हता. तो धोका आपणच अंगावर घेऊ, असं त्यांनी ठरवलं. फुप्फुसात वाफेसारखं ओढायचं टोब्रामायसिन हे प्रतिजैविक संस्थेच्या मदतीनं पॅथोजेनेसिस या कंपनीनं १९९७ मध्ये बाजारात आणलं, तेव्हा ही वाट चालू शकते याचा पहिला पुरावा मिळाला. १९९८ मध्ये संस्थेनं औषधचाचण्यांसाठी निवडक केंद्रांचं जाळं उभं केलं. औषध अजून हातात नव्हतं, तरी ते तपासायची व्यवस्था आधी तयार झाली.

मग आली सॅन दिएगोची ऑरोरा बायोसायन्सेस. रॉजर त्सिएन हे तिच्या संस्थापकांपैकी एक. २००८ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पेशीच्या आवरणावरचा विद्युतभार बदलला की रंग बदलणारी द्रव्यं या कंपनीकडे होती. बिघडलेलं दार एखाद्या रसायनानं किंचित जरी उघडलं तरी ते रंगावरून कळणार, आणि यंत्रं दिवसाला हजारो रसायनं तपासू शकणार. २००० साली फाउंडेशननं ऑरोराशी ४ कोटी डॉलरचा करार केला. एका ना-नफा संस्थेनं नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला एवढी रक्कम द्यावी, हे तेव्हा ऐकिवात नव्हतं. लोकांनी केक विकून, पायी फेऱ्या काढून जमवलेला हा पैसा होता. तो कंपनीला का देता, असा जाब संस्थेला विचारला गेला, आणि विचारणाऱ्यांचं चुकत नव्हतं.

या करारांची रीत बारकाईनं पाहण्याजोगी आहे. पैसे एकरकमी दिले जात नसत. कामाचा ठरलेला टप्पा गाठला की पुढचा हप्ता. औषध बाजारात आलं तर विक्रीतला ठरावीक वाटा संस्थेला. कंपनीनं काम मध्येच सोडलं तर त्या रेणूवर पुढे काम करण्याचा हक्क संस्थेकडे यावा, अशी तरतूदही संस्था अशा करारांत करत असे. नफ्याच्या शोधातला गुंतवणूकदार हे शेवटचं कलम सहसा मागत नाही. प्रकल्प बंद पडला की तो तोटा लिहून टाकतो आणि पुढच्या दारात जातो. रुग्णांच्या संस्थेला पुढचं दार नसतं.

करार होऊन वर्षभरात, २००१ मध्ये, बोस्टनजवळच्या व्हर्टेक्स कंपनीनं ऑरोराच विकत घेतली. व्हर्टेक्सला ऑरोराची यंत्रणा हवी होती, या आजारात तिला विशेष रस नव्हता. तिचं लक्ष हेपटायटिस सी आणि एचआयव्हीवर होतं. अशा वेळी छोटे प्रकल्प गुपचूप मिटवले जातात. हा मिटला नाही, कारण त्याचा खर्च दुसरा कुणी उचलत होता आणि तो दर काही महिन्यांनी येऊन प्रगती विचारत होता. फाउंडेशननं पुढेही रक्कम वाढवत नेली. सगळी मिळून ती १५ कोटी डॉलरच्या आसपास गेली.

या प्रयोगशाळेतलं एक काम थोडं जवळून पाहू. फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या संमतीनं त्यांची काढलेली, निकामी फुप्फुसं संशोधनासाठी मिळत. त्यांतल्या श्वासनलिकेच्या पेशी वेगळ्या करून बारीक जाळीवर वाढवल्या जात. खालून पोषक द्रव, वरून मोकळी हवा, अगदी श्वासनलिकेत असते तशी. निरोगी पेशींवरचे सूक्ष्म केस सतत लाटेसारखे हलतात आणि कफ वर ढकलतात. रुग्णाच्या पेशींवर चिकट थर साचलेला असे, त्यात ते केस अडकून पडत. फ्रेडरिक व्हॅन गूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ज्याला आयव्हाकॅफ्टर हे नाव मिळालं तो रेणू अशा पेशींवर सोडला, आणि ते केस पुन्हा हलू लागले. प्राण्यांवरच्या प्रयोगातून हे इतकं थेट कळलं नसतं. ज्यांना औषधाचा उपयोग होणं शक्य नव्हतं, त्यांनी दिलेल्या अवयवांवर हे औषध घडलं.

जनुकातली चूक एकच नसते. या एकाच जनुकात शेकडो वेगवेगळ्या चुका आजार घडवतात. काहींत दार चौकटीत बसलेलं असतं पण कडी अडकलेली असते. बहुसंख्य रुग्णांत ते मुळात सुताराच्या कारखान्यातून बाहेरच पडत नाही, वेडंवाकडं झालं म्हणून पेशीच ते मोडून टाकते. आयव्हाकॅफ्टर कडी सोडवत होतं. ज्या चुकीवर ते सर्वांत चांगलं चालत होतं, ती असलेले रुग्ण होते फक्त चार टक्के, अमेरिकेत सुमारे बाराशे. आधीच लहान बाजार, त्यातलाही पंचविसावा हिस्सा. इथे नोंदवहीनं काम केलं. हे लोक कोण, कुठल्या गावात, कुठल्या डॉक्टरकडे आहेत हे माहीत होतं. चाचणीत १६१ जण घेतले. २४ आठवड्यांनी फुप्फुसाची क्षमता खोट्या गोळीच्या गटापेक्षा सरासरी साडेदहा अंकांनी वर गेली, घामातलं मीठ जवळपास निम्म्यावर आलं, वर्षाच्या शेवटी वजनही वाढलं. अशा आजारात क्षमता एक-दोन अंकांनी घसरू नये यासाठीच डॉक्टर झगडत असत. ३१ जानेवारी २०१२ ला औषधाला मान्यता मिळाली.

राहिलेल्यांसाठी आणखी सात वर्षं लागली. वेडंवाकडं दार सरळ करणारी दोन रसायनं आणि कडी सोडवणारं एक, अशी तीन औषधांची गोळी २१ ऑक्टोबर २०१९ ला मंजूर झाली. ट्रायकाफ्टा तिचं नाव. ती सुमारे ९० टक्के रुग्णांना लागू पडते. तिच्या ४०३ जणांच्या चाचणीत फुप्फुसाची क्षमता १४ अंकांनी सुधारली आणि आजार उसळण्याचे प्रसंग ६३ टक्क्यांनी घटले. या चाचणीत रुग्णांना प्रश्नावलीही दिली होती: छाती भरल्यासारखी वाटते का, खोकल्यानं रात्री झोप मोडते का. त्याही उत्तरांत मोठा फरक दिसला. रुग्णकेंद्री संशोधन म्हणतात ते याला. नळीतून फुंकलेली हवा मोजायचीच, पण माणसाची रात्र कशी गेली तेही मोजायचं. पन्नासच्या दशकात या आजाराची मुलं शाळेचं तोंड पाहण्याआधी जात. आज अमेरिकेत जन्मणाऱ्या अशा मुलाचं अपेक्षित आयुष्य ६० वर्षांच्या पुढे गेलं आहे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये फाउंडेशननं या औषधांच्या विक्रीतला आपला वाटा रॉयल्टी फार्मा या कंपनीला ३३० कोटी डॉलरला विकला. १५ कोटींचे ३३० कोटी. या व्यवहारानंतर रुग्णसंस्थांकडे पाहण्याची भांडवल बाजाराची नजर बदलली. लहानपणीच्या मधुमेहावर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेनं २०१६ मध्ये स्वतःचा गुंतवणूक निधी काढला. त्या निधीनं सेम्मा थेराप्युटिक्स या कंपनीत पैसे घातले. ती उभी केली होती हार्वर्डचे डग्लस मेल्टन यांनी, ज्यांच्या दोन्ही मुलांना हा आजार आहे. २०१९ मध्ये ती ९५ कोटी डॉलरला विकली गेली, आणि घेणारी कंपनी पुन्हा व्हर्टेक्सच. दुर्मीळ आजारांच्या औषधांना सात वर्षं एकाधिकार देणारा अमेरिकी कायदा १९८३ पासून होताच. त्याचा फायदा घ्यायला पैसेवाले आता रांगेनं येऊ लागले. आजार लहान असला तरी रुग्ण संघटित असतील, त्यांची माहिती नोंदलेली असेल आणि आजाराचं कारण नेमकं ठाऊक असेल, तर तिथला धोका मोठ्या आजारांपेक्षा कमीही असू शकतो, हे त्यांना पटलं होतं.

एवढ्यावर थांबलो तर ही यशोगाथा होईल, पण ती अपुरी राहील. २०१२ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या औषधाची किंमत होती वर्षाला २ लाख ९४ हजार डॉलर. ट्रायकाफ्टाची ३ लाख ११ हजार. आणि ही औषधं आयुष्यभर घ्यायची. लोकांच्या देणग्यांवर ज्याचा पाया घातला त्या औषधाची ही किंमत पाहून या आजारावर आयुष्य घालवलेल्या डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनीच व्हर्टेक्सला निषेधाची पत्रं लिहिली. इंग्लंडमध्ये ऑर्कांबी या दुसऱ्या औषधावरून सरकारी आरोग्यसेवा आणि कंपनी यांच्यात अनेक वर्षं ओढाताण चालली. कंपनीचा दर होता माणशी वर्षाला १ लाख ५ हजार पौंड. तडजोड झाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. औषध अस्तित्वात आहे, आपल्या मुलाला ते लागू पडतं, आणि ते मिळत नाही, अशा अवस्थेत तिथल्या आईवडिलांनी ती वर्षं काढली.

भारतात तर तडजोडीपर्यंतही गोष्ट आली नाही. हा गोऱ्यांचा आजार, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ होता. त्यामुळे मुलांवर दम्याचे, क्षयाचे उपचार होत राहिले आणि घामाची साधी चाचणीही बहुतेक ठिकाणी उपलब्ध नव्हती. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचं नाव आहे. पण कंपनीनं ट्रायकाफ्टाचं एकस्व इथे घेतलं आणि औषध मात्र विक्रीला आणलं नाही. २०२३ मध्ये भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि युक्रेन इथल्या रुग्णकुटुंबांनी एकत्र येऊन त्याविरुद्ध दाद मागितली.

फाउंडेशनचं इथे चुकलं का? किंमत ठरवण्याचा अधिकार तिनं कधीच मागून घेतला नव्हता, आणि आपला वाटा विकल्यावर बोलण्याचं बळही कमी झालं. संस्थेची बाजू अशी की २००० साली किमतीवर बंधन घातलं असतं तर कुठलीच कंपनी दारात उभी राहिली नसती. ही बाजू हलकी नाही. पण मला वाटतं, श्रीमंत देशांतली किंमत सोडून दिली तरी गरीब देशांत औषध स्वस्तात बनवू द्यावं, निदान तिथे एकस्वाचा अडसर घालू नये, एवढं कलम त्या कंपनीनं तेव्हा मान्य केलं असतं. त्या देशांतून तिला एक डॉलरचीही आशा नव्हती. कंपनीला पैशाची गरज असते तेव्हाच तिच्याकडून शब्द घेता येतो. काम सोडलं तर हक्क आमचा, हे कलम ज्यांना सुचलं, त्यांनी औषध तयार झालं तर ते कुणापर्यंत पोहोचेल हेही लिहायला हवं होतं.

औषध कुणापर्यंत पोहोचेल याचा विचार आधीच करता येतो, याचं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. रक्ताच्या काही कर्करोगांवर रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, बदलून त्याला परत देण्याचा उपचार अमेरिकेत २०१७ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेनं टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांबरोबर हाच उपचार इथल्या खिशाला झेपेल असा घडवायचं ठरवलं. परदेशातून आणलं तर सर्वांत महाग पडणारं, पेशीत जनुक नेणारं विषाणू-वाहक त्यांनी इथेच बनवलं. रुग्णाला होणारा त्रास कमी व्हावा म्हणून रेणूची रचनाही बदलली. ४ जून २०२१ ला टाटा मेमोरियलच्याच खारघरमधल्या ॲक्ट्रेक या केंद्रात हा उपचार पहिल्यांदा दिला गेला. सुरुवातीचा धोका सरकारी निधीनं आणि संस्थांनी उचलला. त्यातून निघालेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीत हैदराबादच्या लॉरस लॅब्सनं २०२१ च्या अखेरीस ४६ कोटी रुपये घालून सुमारे पाव हिस्सा घेतला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उपचाराला मान्यता मिळाली. किंमत ४० लाखांच्या आसपास. सामान्य मराठी घराला हीसुद्धा आवाक्याबाहेरची आहे, हे उघड आहे. पण किंमत हा इथे शोधाच्या आराखड्याचाच भाग होता. शोध पूर्ण झाल्यावर विक्री विभागानं लावलेला तो आकडा नव्हता. म्हणून ती आणखी खाली आणण्याची वाट खुली आहे.

फाउंडेशनच्या ३३० कोटींचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. दहा टक्के रुग्णांना अजून कुठलीच गोळी लागू पडत नाही, कारण त्यांच्या पेशींत ते दार तयारच होत नाही. यात गोऱ्या नसलेल्या समाजांतले रुग्ण प्रमाणाबाहेर जास्त आहेत. ट्रायकाफ्टाच्या मान्यतेच्याच महिन्यात संस्थेनं त्यांच्यासाठी ५० कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला, आणि जनुक-दुरुस्ती, आरएनए अशा तंत्रांवर काम करणाऱ्या छोट्या कंपन्यांमध्ये ती पुन्हा पैसे घालते आहे. नव्वदच्या दशकात याच जनुकोपचारांत तिचे पैसे बुडाले होते. या वेळी रुग्णांची संख्या ३० हजार नाही, तिच्या दहाव्या हिश्श्याच्या जवळपास आहे. बाजाराचा हिशोब त्यामुळे पहिल्यापेक्षाही वाईट आहे, आणि म्हणूनच सुरुवातीचे पैसे पुन्हा त्याच संस्थेला घालावे लागत आहेत.